कोकणात रोप रेस्क्यू करताय? मग अँकर, कडा आणि खाऱ्या हवेच्या या चुका टाळा

घाटात गाडी दरीत गेली, कड्यावर पोरं अडकली, विहिरीत माणूस पडला की आपल्याकडे पहिले पोचतात ते गावातले लोक आणि जवळच्या ट्रेकिंग ग्रुपची पोरं, आणि नशिबाने जवळ असेल तर फायर ब्रिगेड नाहीतर एमआयडीसीतल्या कंपनीची इमर्जन्सी टीम. एनडीआरएफची ५ वी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, तिथून घाट उतरून यायला वेळ लागणारच, आणि जुलैत दरड आली असेल तर विचारूच नका. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, तीसेक माणसं गेली, तेव्हाही एनडीआरएफबरोबर स्थानिक ट्रेकर्स दोर लावून खाली उतरले होते. त्यामुळे हे लिहितोय ते ज्यांच्या हातात प्रत्यक्ष दोर येतो त्यांच्यासाठी. तुमचं बेसिक ट्रेनिंग झालंय असं धरून चाललोय. झालं नसेल तर आधी ते करा, रिगिंग (दोर, अँकर, पुल्या लावणं) वाचून येत नाही.

माझं म्हणणं एकच आहे. ट्रेनिंगमध्ये सगळ्यांचं लक्ष पुल्यांवर असतं, तीनास एक (म्हणजे एका जोराचा तिप्पट ओढा), पाचास एक, नऊस एक, कोण किती झटपट लावतो त्याची शर्यत. पण कोकणात घात होतो तो पुलीपाशी नाही, दोर जिथे बांधलाय तिथे, म्हणजे अँकरवर, आणि दोर कड्यावरून जिथे वळतो तिथे. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

झाड दिसलं की दोर गुंडाळायचा

आपल्याकडे झाडांना तोटा नाही, म्हणून अँकर म्हणजे झाड हे डोक्यात पक्कं बसलंय. आंबा, फणस, ऐन, किंजळ, चांगला जाड बुंधा, खोल माती, जिवंत झाड असेल तर उत्तमच. पण सड्याच्या (जांभ्याच्या उघड्या माळाच्या) कडेला जे झाड उभं असतं त्याच्या खाली माती किती असते बघितलंय का? वीतभर मातीखाली जांभा, मुळं आडवी पसरलेली, वरून बुंधा दणकट दिसतो पण आडवा ओढा बसला की अख्खं झाड मुळासकट उचलतं. पांगारा, शेवगा असली मऊ लाकडाची झाडं तर नकोच. किनाऱ्यावर सुरूच्या बनात एका झाडावर भरवसा ठेवू नका, तीन झाडं एकत्र घ्या. आणि ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडची जी झाडं पडली ती दिसली तरी, जी हलून उभी राहिली त्यांची मुळं आतून किती तुटलीत ते वरून कळत नाही. बुंध्याला खांदा लावून जोरात हलवा, मुळाशी माती हलताना दिसली तर दुसरं झाड शोधा. स्लिंग (झाडाला गुंडाळायचा पट्टा) जेवढी खाली घेता येईल तेवढी खाली घ्या, छातीच्या उंचीवर बांधली की झाडाला पहारीसारखं उपटायला मदत होते.

गडग्यातला (दगडी कुंपणातला) दगड, विहिरीचा चिऱ्याचा कठडा, रहाटाचे खांब, यातलं काहीही अँकर नाही. कठडा माणसाच्या वजनाने दिसायला धरतो आणि स्ट्रेचर वर काढताना शेवटच्या फुटाला, जेव्हा ओढा सगळ्यात जास्त असतो, तेव्हा चिरे सुटून खालच्या माणसाच्या डोक्यात जातात.

आता बोल्टबद्दल. जांभा मऊ आणि भोकाभोकांचा, त्यात एक्स्पान्शन बोल्ट फुगतो पण त्याला धरायला घट्ट दगडच नसतो. घाटातल्या काळ्या कातळात जो बोल्ट छान बसतो तोच सड्यावर हाताने फिरतो. आणि समुद्राकडच्या कड्यावर कोणीतरी आधी ठोकून ठेवलेला बोल्ट दिसला तर आयता मिळाला म्हणून वापरू नका. उष्ण खाऱ्या हवेत साधं ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील आतून चिरत जातं, वरून चकाकत असतं, गंजाचा डाग पण फारसा नसतो आणि एक दिवस काडीसारखं तुटतं. ३१६ पण अशा ठिकाणी कायमचं सेफ धरत नाहीत, म्हणून समुद्रकिनारी कायमस्वरूपी अँकरसाठी टायटॅनियम वापरायला सांगतात. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून आणलेले हुक आणि प्लेटी तर माणूस लटकवायला नाहीतच, कितीही जाड असू देत.

झाड नाही, कातळ नाही, तर गाडी वापरा. पण गाडी म्हणजे बंपर नाही. चेसिस किंवा कंपनीचा टोइंग पॉइंट घ्या, इंजिन बंद, गिअरमध्ये, हँडब्रेक वर, चारही चाकांना दगड, आणि किल्ली टीम लीडरच्या खिशात, कारण गर्दीत कोणीतरी गाडी बाजूला घ्यायला बसतोच. मोकळ्या मातीत पहारी ठोकायच्या तर एकामागे एक तीन, ओढ्याच्या उलट दिशेला साधारण १५ अंश कलत्या, दोन तृतीयांश जमिनीत, आणि पुढच्या पहारीच्या डोक्यापासून मागच्या पहारीच्या पायथ्याला घट्ट बांधायचं. भर पावसात लाल माती लोणी झालेली असते तेव्हा याच तीन पहारी निम्म्या पण धरतील की नाही सांगता येत नाही, दुसरा सेट लावा.

दोन अँकर जोडले म्हणजे वजन अर्धं झालं असं समजणं

हे फार ठिकाणी बघतो. दोन झाडं लांब लांब आहेत, स्लिंग आखूड आहे, मग मध्ये ताणून व्ही करतात आणि तो व्ही इतका पसरट होतो की जवळजवळ सरळ रेष. १०० किलोचा भार असेल तर मधला कोन ६० अंश असताना प्रत्येक अँकरवर ५८ किलो येतात, ९० ला ७१, १२० ला पूर्ण १००, आणि १५० ला प्रत्येकी १९३. म्हणजे दोन अँकर लावून तुम्ही प्रत्येकावरचा लोड दुप्पट करून ठेवलात! कोन ९० च्या आत ठेवा, जमत नसेल तर स्लिंग लांब करा, नाहीतर अँकरपासूनच दोर घेऊन मागे बांधा, स्लिंग नाही म्हणून कोन वाढवू नका.

तसंच वरून खाली ओढायला सोपं जावं म्हणून झाडाला जी दिशा बदलायची पुली लावता, तिने जोर काहीच वाढत नाही आणि दोर उलटा मागे फिरत असेल तर त्या झाडावर दोरातल्या ताणाच्या जवळपास दुप्पट ओढा येतो. सगळ्यात बारकं झाड त्या पुलीसाठी निवडणारे लोक आहेत, म्हणून सांगितलं.

कडा

दोर वजनाने तुटत नाही, कापला जातो. ईएन १८९१ (कमी ताणणाऱ्या दोराचं युरोपियन मानक) टाइप ए चा ११ मिमीचा दोर कमीत कमी २२ किलोन्यूटन धरतो, म्हणजे ढोबळ मानाने सव्वादोन टन, गाठ मारल्यावर त्यातली वीस ते चाळीस टक्के ताकद जाते हे धरलं तरी दोन माणसं आणि स्ट्रेचरला भरपूर आहे. तोच दोर ताणलेला असताना काळ्या कातळाच्या धारेवर आडवा घासला, खालचा रेस्क्युअर दोन मीटर बाजूला सरकला आणि दोर त्या धारेवरून करवतीसारखा गेला, तर काही सेकंदांचा खेळ. जांभ्याची धार तितकी टोकदार नसते पण खरखरीत असते, वरचं कव्हर सोलून काढते.

म्हणून कड्यावर एक माणूस फक्त दोराच्या वळणाकडे बघायला ठेवा, त्याला दुसरं काम देऊ नका. जुना फायर होज उभा चिरून केलेलं प्रोटेक्शन चांगलं चालतं, जाड कॅनव्हास चालतो, गोणपाट चालतो पण चार पदरी, आणि ओला झाला की गोळा होऊन सरकतो म्हणून त्याची वेगळी दोरी अँकरला बांधलेली पाहिजे. आणि प्रोटेक्शन दोन्ही दोरांना हवं! मेन लाइनखाली मस्त पॅडिंग आणि बिलेचा दोर उघड्या कातळावर, असे फोटो लोक अभिमानाने टाकतात. मेन तुटला तर ज्या दोराने वाचवायचं तोच धारेवर.

कड्यापासून दोन मीटरच्या आत जो जाईल तो बांधलेला असेल, हेल्मेट घातलेला असेल, मग तो सरपंच असो की साहेब. गर्दी मागे ढकलायला पोलिसांची वाट बघू नका, गावातल्या दोन वजनदार माणसांना ते काम द्या, ऐकतात लोक.

लोड हलत नाही? थांबा, माणसं वाढवू नका

कोकणातली गर्दी मदतीला तयार असते, ही मोठी ताकद आहे आणि याच ठिकाणी घात होतो. स्ट्रेचर कपारीत अडकतं, वर कोणाला दिसत नाही, कोणीतरी ओरडतो "ओढा रे" आणि वीस जण दोर धरतात. हिशोब करा, वीस जण, प्रत्येकी २५ किलोचा जोर, ५०० झाले, तीनास एक सिस्टीममधून कागदावर दीड टन, म्हणजे १५ किलोन्यूटनच्या आसपास. घर्षणात थोडं जाईल, पण हा ओढा गाठीवर, प्रुसिकवर (दोराला आवळून धरणारे बारीक कॉर्डचे वेढे), अँकरवर आणि अडकलेल्या माणसाच्या अंगावर जातोय. हाताला कळतच नाही की लोड अडकलाय, सिस्टीम ती जाणीव खाऊन टाकते. तीनास एकला तीन-चार माणसं खूप झाली. त्यांना जड जातंय तर आधी थांबा, खाली विचारा, कडा बघा, प्रोटेक्शन दोरात गुंतलंय का बघा, बिलेचा दोर कोणी विसरून घट्ट धरलाय का ते बघा (हे सगळ्यात कॉमन आहे), आणि मग पुल्या.

पुल्यांचं असं की चांगल्या बेअरिंगच्या पुलीतून साधारण ९० टक्के जोर पुढे जातो, कॅराबिनरवरून (गेट असलेल्या कडीवरून) नुसता दोर वळवला तर निम्म्याच्या आसपास. दोन्हीकडे कॅराबिनर असेल तर तुमचं तीनास एक प्रत्यक्षात पावणेदोनास एक होतं. एकच चांगली पुली असेल तर ती ओढणाऱ्यांच्या हाताकडून पहिल्या वळणावर, म्हणजे लोडच्या दोरावर सरकणाऱ्या जागी लावा, २.३५ मिळतं. तीच पुली अँकरवर लावली तर १.९५. सामान तेच, फक्त जागा बदलली, पण बहुतेक जण चांगली पुली सवयीने अँकरवर लावतात.

प्रुसिक घसरत असेल तर: ११ मिमीच्या दोरावर ८ मिमीची कॉर्ड, तीन वेढे, वेढे एकमेकांवर चढलेले नकोत, आणि लोड द्यायच्या आधी हाताने आवळून धरतोय का बघा. नवा गुळगुळीत दोर किंवा चिखल लागलेला दोर असेल तर जास्त लक्ष. बाजारातली होडीची रंगीत दोरी प्रुसिकला वापरू नका, ती पॉलिप्रॉपिलीनची असते, घसरली की तापून वितळते. माणसाच्या वजनाला तर ती दोरी कशातच नको, जेट्टीवर ट्रॉलर धरते म्हणून कड्यावर माणूस धरेल असं नसतं, ती किती धरेल याची कुठलीच खात्री दिलेली नसते आणि उन्हाने ती आतून कुजलेली असते.

ओल्या दोरावर डिसेंडर (उतरताना ब्रेक लावणारं साधन) सरकतोय, हाताला धरवत नाही, असं पावसात होणारच. घर्षण वाढवायला एक कॅराबिनर जास्त घ्या आणि हा सराव आधी ओल्या दोरावर करा. नायलॉन भिजला की तात्पुरती दहा-पंधरा टक्के ताकद पण कमी होते. आपली बहुतेक ट्रेनिंगं जानेवारीत होतात, कोरड्या हवेत, दिवसाउजेडी, आणि कॉल येतो तो जुलैत रात्री. वर्षातला एक तरी सराव भर पावसात, हेड टॉर्चवर घ्या. आवाज ऐकूच येत नाही तेव्हा, म्हणून शिट्टी ठरवून ठेवा: एक म्हणजे थांब, दोन वर, तीन खाली, चार म्हणजे मी दोरातून सुटलो, सलग वाजत राहिली तर संकट.

सर्टिफिकेटबद्दल थोडं. इराटाची (दोरावरच्या औद्योगिक कामाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) लेव्हल असलेला माणूस टीममध्ये असणं चांगलंच, लेव्हल वाढवायला किमान एक वर्ष आणि १००० तास दोरावर काढावे लागतात, सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं. पण ते टॉवर, टाक्या, चिमणीवरच्या कामासाठी आहे, तिथे अँकर आधीच तपासलेला असतो. दरीत स्ट्रेचर घेऊन उतरणं वेगळं शिकावं लागतं.

विहीर असेल तर आधी हवा

मे महिन्यात विहीर उपसताना आत डिझेल पंप लावतात, धूर तळाला बसतो, एक माणूस बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. गॅस मीटर दोरीने खाली सोडल्याशिवाय कोणीही उतरायचं नाही. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला तर श्वासाच्या सेटशिवाय प्रवेश बंद, आणि कार्बन मोनॉक्साइड वेगळा बघायचा, ऑक्सिजन ठीक असला तरी तो मारतो.

हार्नेसमध्ये लटकून बेशुद्ध झालेला माणूस खाली आणला की त्याला आडवं करू नका, बसवून ठेवा, असं अजून काही ट्रेनर शिकवतात. २००९ मध्ये ब्रिटनच्या एचएसई या कामगार सुरक्षा संस्थेच्या अभ्यासानंतर तो सल्ला मागे पडला. आडवं झोपवा, श्वास बघा, नेहमीचं फर्स्ट एड करा.

परत आल्यावर

समुद्राकाठचा सराव संपवून ओलं सामान बॅगेत कोंबून ठेवणं म्हणजे पुढच्या कॉलची वाट लावणं. मिठाचे कण कव्हरमध्ये शिरून आतून धागे घासतात, ॲल्युमिनियमचे कॅराबिनर आणि स्टीलचे मेलॉन (स्क्रूने बंद होणाऱ्या कड्या) ओल्या बॅगेत चिकटून राहिले की पांढरी पावडर धरते, गेट अडकायला लागतं. त्याच दिवशी गोड्या पाण्यात सगळं बुडवून धुवा, दोर सावलीत सुकवा, गेटची बिजागरी उघडमिट करत धुवा, सुकल्यावर थोडं ल्युब्रिकंट. तरी गेट आपोआप मिटत नसेल तर तो कॅराबिनर बाद. ब्लीच, फिनाईल जवळ नको. गाडीत बॅटरीशेजारी दोर ठेवू नका, ॲसिडचा थेंब नायलॉन खातो आणि बाहेरून काही दिसत नाही.

नवा दोर आणला की आधी पाण्यात भिजवून सुकवा, तो थोडा आटतो, मग मोजा आणि टोकावर लांबी लिहा. नाहीतर ५० मीटर समजून ४८ मीटरचा दोर दरीत सोडाल. टोकाला गाठ तर हवीच.

प्रत्येक दोराला नंबर आणि वही. कधी घेतला, कधी वापरला, काही पडलं का, कोणी तपासला. कापडी सामानाला बऱ्याच कंपन्या बनवल्यापासून जास्तीत जास्त दहा वर्षं देतात, पण खाऱ्या हवेत आणि उन्हात ते खूप आधी संपतं. हातातून सरकवत प्रत्येक वीत तपासा, मऊ पडलेली, चपटी झालेली जागा लागली तर तिथे कापा किंवा दोर बाद करा. आणि बाद केलेला दोर शेडमध्ये ठेवू नका, कोणी होडीला मागितला म्हणून देऊ पण नका, रात्रीच्या कॉलला घाईत तोच हाताला लागतो. मीटर-मीटरचे तुकडे करा आणि मगच टाका.