समुद्रापार फौजेला शिधा: कंटेनर कसा भरायचा

लातूरच्या डाळ मिलमधून माल उचलण्याआधी तो पलीकडे उतरवणार कोण, याचा विचार करा. युद्धात तिकडे क्रेन असेलच असं नाही. पहिल्या महायुद्धात, 1916 साली, बसऱ्याच्या बंदराला पुरेसे धक्केच नव्हते. मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) ब्रिटिश-हिंदी फौजेचा माल घेऊन जहाजं आठवडेच्या आठवडे नदीत अडकली. त्या फौजेत आपल्या मराठा पलटणीही होत्या. म्हणून 50 किलोचा कट्टा नको, 25 किलोचा घ्या. साखळी करून हातोहात उतरतो.

पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर, मीठ मिळून माणशी रोज 800 ग्रॅम कोरडा शिधा धरा. 1000 जवानांना 30 दिवसांचे 24 टन होतात, म्हणजे वजनाने 20 फुटी एक कंटेनर. आतली जागा साधारण 33 घनमीटर. पीठ हलकं असतं, त्यामुळे वजनाआधी जागा संपते. पिठाचा हिशेब घनमीटरनेच करा.

नुसत्या डाळीने कंटेनर भरणं ही सगळ्यात महागडी चूक. माणशी 100 ग्रॅमने 24 टन डाळ त्याच 1000 जणांना 240 दिवस पुरते, आणि पीठवाला कंटेनर मागे राहिला तर उपासमार. आतून दारापर्यंत 10-10 दिवसांचे तीन उभे कप्पे करा, प्रत्येकात सगळे जिन्नस. एका कप्प्यात डाळीचे 40 कट्टे येतात. तेलाचे डबे तळाशीच. वर ठेवलेला एक गळला की खालची थप्पी गेली.

आता ओलावा. डाळ 12 टक्क्यांच्या आत वाळलेली हवी. रिकाम्या कंटेनरात शिरून बाहेरच्या माणसाला दारं लावायला सांगा. छतातून उजेडाचा ठिपका दिसला तर कंटेनर परत. दिवसा तापलेलं छत रात्री गार पडतं, आतल्या वाफेचं पाणी होऊन वरच्या थरावर टपकतं. वर क्राफ्ट कागद (जाड तपकिरी कागद) पसरा, भिंतींना ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा. पुठ्ठ्याची खोकी टाळा: 1942 साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या धक्क्यावर ग्वाडलकनाल या पॅसिफिकमधल्या बेटावरच्या लढाईसाठी अमेरिकी फौजेचा माल भरताना ती पावसात भिजून फुटली, शिध्याचा लगदा झाला.

जहाजात आधी लागणारा कंटेनर शेवटी चढवा. जागा वाया जाते, जाऊ द्या. एका जातीचा सगळा माल एकाच जहाजात मात्र कधीच नको. 1982 च्या फॉकलंड युद्धात 'अटलांटिक कन्व्हेयर' हे ब्रिटिश फौजेचा माल नेणारं जहाज जळालं आणि 3 चिनूक हेलिकॉप्टरं एका झटक्यात गेली. पुढचं अंतर जवानांनी ओझी घेऊन पायी तोडलं.

कट्ट्याच्या दोन्ही बाजूंना जिन्नस, वजन आणि कप्प्याचा क्रमांक पक्क्या शाईने लिहा. यादीची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.