येऊरचा गारवा आणि मार्चचं ऊन: ठाण्यातल्या सायकलस्वारांनो, या चुका टाळा

दिवाळी झाली की उपवनच्या कट्ट्यावर पहाटे सहाला नवे चेहरे दिसू लागतात. निम्म्यांच्या टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा अजून झिजलेले नसतात. मला हे बघून फार बरं वाटतं. आणि दरवर्षी होळीच्या सुमाराला त्यातले बरेचजण दिसेनासे होतात. कुणाचा गुडघा धरलेला असतो, कुणाचा खोकला जात नाही, कुणी म्हणतो, ‘आता ऊन वाढलं, पुढच्या थंडीत बघू.’ चुका दरवर्षी त्याच असतात, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

रोज येऊर, रोज जीव तोडून

डिसेंबरातल्या पहाटे आपल्याकडे पारा सतरा-अठरावर येतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला बरंचसं रक्त त्वचेकडे पाठवावं लागत होतं. गारव्यात ते काम कमी होतं आणि तेच रक्त पायांच्या कामी येतं. घामही पटकन सुकतो. त्यामुळे येऊरच्या डोंगराचा जो चढ दसऱ्याला दम काढत होता, तो नाताळात सहज पार होतो. यातला बराचसा वाटा हवेचा असतो, पण माणसाला वाटतं आपण तयार झालो. मग रोज तोच चढ आणि रोज घड्याळ लावून.

दोन वर्षांपूर्वी माजिवड्याचा एक मुलगा आमच्यात आला. तिशीच्या आतला, अंगापिंडाने चांगला, मेहनती. आठवड्यातून पाच दिवस येऊर चढायचा. वर पोहोचला की सायकल झाडाला टेकवायच्या आधी मोबाइल काढून स्ट्रावावर, म्हणजे सायकलच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर, वेळ बघायचा. ‘काका, आज अजून वीस सेकंद कमी!’ मी त्याला म्हटलं, ‘आठवड्यातून एकदाच जोर लाव, बाकीचे दिवस गप्पा मारत चालव.’ त्याचं म्हणणं, ‘गप्पा मारत चालवून वेग कसा वाढणार?’

प्रश्न रास्त होता. वेग वाढतो तो असा: लांब आणि सावकाश चालवलं की पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, शरीर साखर राखून चरबी जाळायला शिकतं, आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. हे व्हायला महिने लागतात. रोज दम लागेपर्यंत चालवलं तर पहिले काही आठवडे आकडे छान दिसतात, पण स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही.

जानेवारीच्या शेवटी त्याची वेळ सुधारायची थांबली. फेब्रुवारीत ती उलट वाढू लागली, तसा तो आणखी जोर लावायला लागला. एक दिवस चहाच्या टपरीवर मी त्याच्या मनगटावरच्या घड्याळातली नोंद मागे मागे सरकवायला लावली. झोपेतून उठल्यावरची नाडी डिसेंबरात ५४ होती, त्या आठवड्यात ६७. झोप नीट लागत नव्हती, चिडचिड होत होती, सर्दी तीन आठवडे हटत नव्हती. हे सगळं त्याने मला त्याच दिवशी सांगितलं, कारण त्या आधी कुणी विचारलंच नव्हतं. दहा दिवस सायकलला हात लावू नकोस म्हटलं. त्याने दोनच दिवस पाळलं. मार्चमधली २००ची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत २०० किलोमीटर पूर्ण करायची सायकलफेरी, हुकली आणि गुडघ्याने मे उजाडेपर्यंत छळलं.

माझी स्वतःची सवय अशी. आठवड्यात चार दिवस सायकल, त्यातला एकच दिवस येऊर आणि त्या दिवशी मनापासून जोर. बाकी दोन दिवस ऐरोली पुलावरून पामबीच रोड आणि परत. रविवारी लांबचा पल्ला. सावकाश म्हणजे किती, हे कळायला मी चालवताना मोठ्याने एकोणिसाचा पाढा म्हणतो. मध्येच श्वास तोडावा लागला तर गिअर उतरवतो. दर चौथ्या आठवड्याला निम्मंच अंतर. आणि अंथरुणातून उठायच्या आधी नाडी मोजून वहीत लिहितो. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त दिसले तर त्या दिवशी सायकल नाही. हे पाळायला धीर लागतो, आणि नव्या लोकांकडे नेमका तोच नसतो. लाख रुपयांची कार्बनची चाकं घ्यायला तयार, पण एक आठवडा हळू चालवा म्हटलं की चेहरा पडतो.

जानेवारीचा वेग मार्चमध्ये धरून ठेवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

मार्चच्या मध्यावरची २००ची बीआरएम. ठाण्याहून नाशिक हायवेने कसारा घाट चढून इगतपुरी आणि परत. जानेवारीत हाच रस्ता मी ताशी २५च्या सरासरीने केला होता, तेव्हा याही वेळी तेच धरलं. सकाळी सहाला निघालो. घाट चढून साडेदहाला वळण्याच्या ठिकाणी पोहोचलो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे उरलेल्या शंभरासाठी माझ्या हातात नऊ तास होते. सावलीत दोन तास पडून राहिलो असतो तरी चाललं असतं. पण पाय चालताहेत ना, मग थांबायचं कशाला, या विचाराने दहा मिनिटांत परत निघालो.

साडेबाराच्या सुमाराला खर्डीच्या जवळ सपाट रस्त्यावर वेग २२ आणि नाडी १६८. जानेवारीत एवढ्या वेगाला १३०च्या वर जात नव्हती. डांबरातून वाफ आल्यासारखी झळ लागत होती. काळ्या जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. मग हँडलवरच्या हाताकडे लक्ष गेलं. भर उन्हात हातावर काटा आला होता आणि कातडी कोरडी होती. कानात भोंगा वाजावा तसा आवाज. पुढे एक झोपडीवजा हॉटेल दिसलं, तिथे सायकल उभी करताना तोल गेला. गल्ल्यावरच्या बाई धावत आल्या. ‘दादा, आधी खाली बसा,’ म्हणाल्या, आणि माठातलं पाणी तांब्याने मानेवर, डोक्यावर ओतत राहिल्या. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. दोन तासांनी उठता आलं. सायकल टेम्पोत टाकून घरी आलो.

चूक दोन ठिकाणी होती. एक म्हणजे वेग. उन्हात वेगाकडे न बघता नाडीकडे बघायचं, आणि तिने सांगितलं तर ताशी १८वर यायचं. १८नेही बीआरएम वेळेत होते. दुसरी चूक जास्त खोलवरची. माझा रोजचा सराव पहाटे साडेपाच ते साडेसात. सहा महिन्यांत अंगाला कडक उन्हाची सवय झालीच नव्हती.

उन्हाची सवय करता येते, आणि ती साधारण दहा ते चौदा दिवसांत होते. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, आणि त्याच वेगाला नाडी खाली राहते. मी महाशिवरात्रीपासून हे सुरू करतो. दोन आठवडे रोज, पण पहाटेऐवजी आठ ते साडेनऊ आणि अगदी सावकाश. पहिले चार दिवस नको नको होतं. ताप असेल किंवा रात्री झोप झाली नसेल तर त्या दिवशी नाही. कमावलेली सवय दोन-तीन आठवडे एसीत बसलात तर जाते, हेही ध्यानात ठेवा.

पाण्याचा हिशोब वजनकाट्यावर करा. जाण्याआधी आणि आल्यावर कोरड्या अंगाने वजन करायचं. एक किलो घटलं म्हणजे जवळपास एक लिटर घाम भरून निघाला नाही. नुसतं पाणी ढोसू नका. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ घाला, लिंबू पिळा. आणि उन्हात थंडी वाजली, चक्कर आली, तर तिथेच थांबा. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर अंगावर पाणी ओतत त्याला थेट दवाखान्यात न्या, पुढच्या कंट्रोलची, म्हणजे बीआरएमच्या तपासणी नाक्याची, वाट बघू नका.

युरोपातलं वेळापत्रक

इंटरनेटवरून उतरवलेल्या तक्त्यांत डिसेंबर-जानेवारी हे पाया घालायचे महिने असतात आणि एप्रिल-मे कस लागायचे. तिकडे बर्फ पडतो, म्हणून ते तसं असतं. आपलं उलट आहे. बीआरएमचा हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो, आणि एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर पूर्ण केलं की ‘सुपर रँडोनियर’ हा किताब मिळतो. ठाण्याच्या माणसाने पाया पावसाळ्यात घालावा आणि ४००, ६०० फेब्रुवारीच्या आत उरकावेत. एप्रिलसाठी ६०० ठेवणाऱ्यांना मी दरवर्षी हात जोडून सांगतो.

बाकीच्या, थोडक्यात

सीट खाली ठेवणं. ‘पाय जमिनीला टेकले पाहिजेत’ म्हणून गुडघ्याची पुढची बाजू दुखवून घेतात. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा.

भूक लागल्यावर खाणं. तोवर उशीर झालेला असतो. मी दर पाऊण तासाला एक केळं किंवा राजगिऱ्याची चिक्की खातो. संक्रांतीनंतर घरात तिळगूळ असतोच, तो खिशात टाका.

संक्रांतीचा मांजा. जानेवारीचा पहिला पंधरवडा गळ्याभोवती जाड रुमाल आणि पुलांवर वेग कमी. यात हयगय नको.

घोडबंदर रोडची धूळ. थंडीत वारा पडलेला असतो आणि धूर खालीच साचतो. समोरची इमारत धुरकट दिसत असेल त्या दिवशी गायमुखकडे जाऊ नका. घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चालवा, पण पंखा लावून.

चेनवर तेलावर तेल ओतणं. आधी पुसा, मग प्रत्येक कडीवर एक थेंब, आणि दहा मिनिटांनी वरचं पुन्हा पुसून काढा. त्या धुळीत ओली चेन महिन्याभरात खरवडून निघते.

आणि पाडव्यानंतर सायकल गॅलरीत चादरीखाली ठेवणं. दोन-तीन आठवड्यांतच दम कमी व्हायला लागतो. एप्रिल-मेमध्ये मी आठवड्याला दोनच वेळा जातो, पहाटे पाचला, पामबीचला, आणि सात वाजायच्या आत घरी असतो.