ट्रॅकवरचं हेल्मेट कसं निवडायचं आणि कधी बदलायचं

कार ट्रॅकवर न्यायची ठरली की इंजिन ऑइल, ब्रेक पॅड आणि टायरच्या हवेवर महिनाभर चर्चा चालते. हेल्मेट मात्र निघायच्या आदल्या रात्री कुणाकडून तरी मागून आणलं जातं. कोल्हापुरात हे वरचेवर दिसतं. मोहिते रेसिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत, इथली मुलं कार्टवर तयार होतात, आणि पुढे स्वतःची कार घेऊन कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जाणारेही आहेत. त्यांनी हेल्मेटला निदान टायरइतका वेळ द्यावा.

हेल्मेटचं खरं काम बाहेरचं चकचकीत शेल करत नाही. शेल मार पसरवतं. डोकं वाचवतो तो आतला ईपीएसचा जाड थर, म्हणजे घट्ट दाबलेला थर्मोकोल. आदळल्यावर तो चिरडतो, त्यामुळे डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ आणि अंतर मिळतं. एकदा चिरडला की तो पुन्हा फुगत नाही. निवड, माप, निगा आणि बदली हे सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

आधी लेबल वाचा

दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआयची खूण असते, मानक आयएस ४१५१. रंकाळ्याला चक्कर मारायला किंवा गोव्याच्या रस्त्याला ते योग्यच आहे, पण बंद कारमध्ये धोका वेगळा असतो. एक तर आग, आणि दुसरं म्हणजे डोक्याशेजारी असलेला रोल केजचा, म्हणजे गाडी पलटली तर छत दबू नये म्हणून आत बसवलेल्या लोखंडी सांगाड्याचा, पाइप. हेल्मेटची मानकं ठरवणाऱ्या स्नेल फाउंडेशनच्या ‘एसए’ मानकात आगीची चाचणी असते आणि पाइपसारख्या गोल लोखंडावर आपटण्याचीही. मोटरसायकलच्या ‘एम’ मानकात या दोन्ही नाहीत. कार्टिंगच्या ‘के’ मानकात पाइपची चाचणी आहे, आगीची नाही. कार्ट उघडी असते आणि चालकाला पट्टा नसतो, त्यामुळे तिथे ‘के’ चालतं.

म्हणून कारसाठी घेताना एसए २०२० किंवा त्याच्या पुढचं एसए २०२५ बघा, नाहीतर एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेचं ८८५९. स्पर्धेत उतरणार असाल तर त्या वर्षाच्या नियमावलीत कोणतं मानक मान्य आहे ते वाचून मगच पैसे द्या. नुसत्या ट्रॅक डेला, म्हणजे स्पर्धा नसताना आपली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, बरेच आयोजक चालू मानक आणि त्याच्या आधीचं, अशी दोन्ही घेतात, पण तेही फोन करून विचारा. स्क्रुटिनीला, म्हणजे ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीत, हेल्मेट बाद झालं तर शेकडो किलोमीटर गाडी चालवून गेलेला माणूस पिट लेनमध्ये बघत बसतो.

स्नेलचं लेबल आतल्या कापडी अस्तराखाली चिकटवलेलं असतं. नवं हेल्मेट हातात घेतल्यावर अस्तर हलकेच उचला आणि लेबल, त्यावरचा क्रमांक आणि बनवल्याचा महिना-वर्ष बघा. नुसतं बाहेरून मागच्या बाजूला छापलेलं नाव म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तसं स्टिकर कोणताही रेडियमवाला दहा मिनिटांत कापून देईल. मॉडेलचं नाव स्नेलच्या वेबसाइटवरच्या यादीत सापडलं पाहिजे.

मुलांच्या कार्टिंगसाठी सीएमआर आणि सीएमएस अशी वेगळी मानकं आहेत. त्यांत हेल्मेटच्या वजनाला कमाल मर्यादा घातलेली आहे, कारण लहान मानेला मोठ्यांचं हेल्मेट पेलत नाही. कपडे घेतो तसं वाढत्या अंगाचं हेल्मेट मुलाला घेऊ नका. पुढच्या वर्षी नीट बसणारं हेल्मेट या वर्षी डोक्यावर फिरतं.

माप आणि फिटिंग

शिंप्याचा टेप घ्या. भुवयांच्या वर अडीच सेंटिमीटर, कानांच्या वरून, मागे डोकं सर्वांत फुगीर असेल तिथून गोल फिरवा. तीनदा मोजा आणि सर्वांत मोठं माप धरा. पुष्कळ कंपन्यांत ५७-५८ म्हणजे मीडियम आणि ५९-६० म्हणजे लार्ज, पण प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो, तोच बघायचा. टेपला घेर कळतो, आकार कळत नाही. एकाच ५८ मापाचं एक डोकं गोल असतं, दुसरं लांबट. त्यामुळे शक्य असेल तिथे घालून बघूनच घ्या. मागवून घेत असाल तर परत करायची सोय आहे ना, ते आधी बघा.

आगरोधक बालाक्लावा (हेल्मेटखाली डोकं आणि चेहरा झाकणारी कापडी टोपी) घालणार असाल तर तो घालूनच फिटिंग बघा. दोन्ही पट्टे बाहेर ओढून हेल्मेट फाकवा आणि डोक्यात घाला. जाताना कानांशी जरा अडायला हवं. सहज घसरत गेलं तर मोठं आहे. बसल्यावर वरची कड भुवयांच्या जरा वर येते आणि डोळे खिडकीच्या मधोमध. गाल इतके दाबले जातील की बोलताना आतून दाताखाली येतील. हे योग्य आहे.

आता हनुवटीचा भाग धरून हेल्मेट डावी-उजवीकडे हलवा. गालाची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागेवर राहून अस्तर घासत फिरलं तर एक माप कमी घ्या. कपाळ आणि अस्तर यांच्यामध्ये बोट घुसत असेल तरीही तेच.

यानंतरची परीक्षा महत्त्वाची. पट्टा पूर्ण आवळा, मान जरा खाली करा आणि दुसऱ्याला मागची खालची कड धरून हेल्मेट पुढे उलटवायला सांगा. त्याने जोर लावायला हवा. हेल्मेट डोळ्यांवर आलं किंवा निघालं तर ते घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. गाडी पलटताना नेमकं हेच होतं.

शेवटी वीस मिनिटं घालून बसा. काढल्यावर कपाळावर एका ठिकाणी लाल वळ उठला किंवा ठणकायला लागलं तर त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याचा नाही. दुकानदार म्हणतो, ‘वापरून सैल होईल.’ नवी कोल्हापुरी चप्पल पहिले दिवस चावते आणि मग पायाला बसते, तसे गालाचे पॅड बसतात हे खरं. कपाळाला टोचणारा थर्मोकोल मात्र बसत नाही. त्याला दाबून किंवा घासून जागा करणं म्हणजे जिथे मार बसणार तिथलीच जाडी कमी करणं. गाल जास्त दाबले तर कंपनीचे पातळ पॅड मिळतात, ते बदला. कपाळ टोचलं तर हेल्मेटच बदला.

चष्मा असेल तर तो बालाक्लावावरून सरळ दांड्यांनी आत जातो का, ते दुकानातच बघा.

पट्टा दोन कड्यांचा असतो. टोक दोन्ही कड्यांतून वर काढायचं, मग वळवून फक्त पहिल्या कडीतून मागे घ्यायचं आणि ओढायचं. टोकावरचं प्रेस बटण फक्त लोंबणारा तुकडा धरतं. नुसतं तेच लावून निघालात तर पट्टा लावलेलाच नाही.

केज, सीट आणि हान्स

हेल्मेट घालून आपल्या गाडीत बसा. छताला किंवा केजला टेकत असेल तर सीट खाली घ्या. आवाक्यात येणाऱ्या पाइपवर कडक रोल बार पॅडिंग लावा, एफआयए ८८५७-२००१ मानकाचं. एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा मऊ फोम बरेच जण लावतात. तो बोटाने दाबून बघा, लगेच लोखंड लागतं. जोरात आदळल्यावर तो नसल्यासारखाच.

मान धरणारं हान्स उपकरण खांद्यावरच्या दोन पट्ट्यांसह असणाऱ्या हार्नेसबरोबरच काम करतं, कंपनीच्या तीन बिंदूंच्या सीटबेल्टबरोबर नाही. त्याच्या अँकरसाठी एसए २०१५ आणि नंतरच्या हेल्मेटमध्ये एम ६ आट्यांची जागा आधीच दिलेली असते. ज्या हेल्मेटमध्ये ती नाही, त्याला भोक पाडून घेऊ नका. उद्यमनगरात लेथ आणि ड्रिलवर काय वाट्टेल ते घडवून मिळतं, ही आपल्या गावाची ताकद आहे, पण शेलला पाडलेलं भोक त्याचे थर तिथेच सोडवतं आणि प्रमाणपत्रही संपवतं.

रंगकामाचंही तसंच. पॉलीकार्बोनेटचं शेल पेट्रोल, थिनर आणि काही गोंदांनी ठिसूळ होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. हौस भागवायची असेल तर कंपनी परवानगी देते त्याच पद्धतीने करा.

घाम, तेल आणि पावसाळा

डोक्याला तेल चोपडून हेल्मेट घालू नका. केसांचं तेल आणि घाम आतल्या गोंदावर आणि थरावर हळूहळू परिणाम करतात. स्नेल पाच वर्षांनी हेल्मेट बदलायला सांगते, त्यामागे हेही कारण आहे. दिवस संपला की व्हायजर उघडा ठेवून हेल्मेट सावलीत पंख्याखाली वाळवा. कार्टिंगनंतर घामेजलेलं हेल्मेट तसंच पिशवीत बांधून ठेवलं तर जून-जुलैत अस्तरावर बुरशी धरते. सुटे पॅड कोमट पाण्यात सौम्य शाम्पूने हाताने धुवा, पिळू नका, उन्हात टाकू नका. आगरोधक कापडाला फॅब्रिक सॉफ्टनर लावायचा नाही. एप्रिलच्या उन्हात डिकीत हेल्मेट सोडू नका, पेट्रोलच्या कॅनशेजारी तर मुळीच नाही. व्हायजरवरचे किडे ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून मऊ करा आणि मग पुसा. कोरड्या फडक्याने घासलं तर ओरखडे पडतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात समोरचं वळण पांढरं दिसतं.

बदलायचं कधी

डोकं आत असताना आदळलं तर लगेच बदला, वरून ओरखडाही नसला तरी. शेल पुन्हा आपल्या आकारात येतं, थर्मोकोल येत नाही. रिकामं हेल्मेट टेबलावरून पडलं तर बहुतेक वेळा आतल्या थराला फारसं काही होत नाही, कारण तो चिरडायला आत डोक्याचं वजन नसतं. तरी तपासणी करा.

तपासणी अशी: सगळे पॅड काढा. उजेडात बॅटरी तिरपी धरून थर्मोकोल गोल फिरवत बघा. चीर, दबलेली चकाकती जागा किंवा शेलपासून सुटलेली फट सापडली तर हेल्मेट बाद. अंगठ्याने सगळीकडे सारखा दाब द्या, एखादी जागा मऊ लागली तरीही बाद. बाहेर रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा बघा. नुसता रंग तडकला असेल तर हरकत नाही, पण बोटाखाली ते शेल दबत असेल किंवा टिचकीचा आवाज आजूबाजूपेक्षा बसका येत असेल तर आतले थर सुटले आहेत. पट्ट्याचे धागे विस्कटलेत का, रिव्हेट हलतात का, तेही बघा. ही तपासणी प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला करा.

काहीच झालं नाही तरी पाच वर्षांनी नवं घ्या. वापरायला सुरुवात केल्याची तारीख अस्तराखाली चिठ्ठीवर लिहून ठेवा. गाल सैल लागायला लागले तर आधी पॅड बदलून बघा, पण डोक्याच्या वरच्या भागातच हेल्मेट फिरत असेल तर त्याचे दिवस संपले. सेकंडहँड घेऊ नका. त्या थर्मोकोलने काय सोसलंय ते विकणारा कधीकधी स्वतःच विसरलेला असतो.

बाद झालेलं हेल्मेट भंगारात तसंच टाकू नका. कुणीतरी ते पुसून मोटरसायकलवर वापरायला घेतं. दोन्ही पट्टे मुळातून कापा, आतला थर्मोकोल स्क्रू ड्रायव्हरने उचकटून वेगळा करा आणि शेलवर जाड मार्करने ‘बाद’ असं लिहून मगच द्या.