मॉडेलमध्ये बर्फाचा पूल धरत नाहीये? या चुका टाळा

ग्रीनलंड आणि एल्समिअर बेट यांच्या मधली नेअर्स सामुद्रधुनी घ्या. नरसाळ्यात तांदूळ अडकावेत तसा हिवाळ्यात तिथे समुद्रातला बर्फ अडकतो, कमान धरतो (हाच बर्फाचा पूल) आणि लिंकन समुद्रातून येणारा माल महिनोनमहिने रोखून ठेवतो. समुद्री बर्फाच्या संगणक मॉडेलमध्ये मात्र तो बिनधास्त बॅफिन उपसागराकडे वाहत सुटतो.

मग पहिला हात जातो पी-स्टारवर, म्हणजे बर्फ दाबाला किती टिकतो ते ठरवणाऱ्या आकड्यावर. 27,500 चे सरळ 40,000 करून टाकायचे. म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, कारण हा आकडा अख्ख्या आर्क्टिकला लागतो, तिकडे जाडी बिघडते ती वेगळीच! कमानीला खरं तर कातर (आडवा सरकवणारा जोर) आणि ताण (ओढणारा जोर) सहन करण्याची ताकद लागते, आणि हिबलरच्या 1979 च्या मॉडेलमधल्या लंबवर्तुळात, म्हणजे बर्फ किती जोरावर मोडतो ते ठरवणाऱ्या वक्रात, ताणाची ताकद जवळपास नाहीच. त्यापेक्षा e, म्हणजे या लंबवर्तुळाच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर, दोनवरून 1.2 ते 1.4 पर्यंत उतरवून बघा, किंवा थोडी ताणाची ताकद द्या.

त्याआधी सांद्रता A (सेलचा किती भाग बर्फाने झाकलाय ते) तपासा, हे मी दोन आठवडे घालवून शिकलो. ताकद e च्या उणे 20(1−A) घातांकाने बदलते (हा e वेगळा, गणितातला). A 1 वरून 0.9 झाला की ताकद उरते साधारण 13 टक्के! ॲडव्हेक्शन स्कीम (बर्फ एका सेलमधून दुसऱ्यात नेणारी गणिती पद्धत) कडा पसरवत असेल तर तुमची कमान तिथेच गेली, बाकीचं ट्यूनिंग करत बसा.

उलटा घोळपण होतो. बी-ग्रिडवर (म्हणजे वेग सेलच्या कोपऱ्यांवर मोजणाऱ्या जाळीवर) सामुद्रधुनी एकाच सेलची रुंद असेल तर दोन्ही बाजूंचे वेगाचे बिंदू किनाऱ्यावर येतात, वेग शून्य, आणि 'पूल' छान टिकलेला दिसतो. हिवाळ्यातला हा पूल सप्टेंबरमध्येपण दिसला की समजा काय झालंय ते.

आणखी एक, व्हिस्कस-प्लास्टिक मॉडेलमध्ये (हिबलरचं त्यातलंच) बर्फ पूर्ण थांबतच नाही, हळूहळू सरकत राहतो, म्हणून शून्य वेग शोधू नका. दोन आठवड्यांची सरासरी सेकंदाला 0.0005 मीटरच्या खाली असेल तर थांबला धरा, म्हणजे दिवसाला साधारण 43 मीटर.

वाऱ्याचं तर विचारूच नका. मॉडेलला वारा पुरवणाऱ्या ईआरए5 या हवामान डेटाचा ग्रिड 31 किलोमीटरचा, आणि सामुद्रधुनी अरुंद जागी जवळपास तेवढीच, मग दोन्हीकडच्या उंच कड्यांमधून घुसणारा वारा त्याला नीट दिसणार कसा?

शेवटी 2007 चा हिवाळा चालवा. त्या वर्षी पूल धरलाच नव्हता. तुमच्याकडे धरला तर वर जा आणि बी-ग्रिडवाला परिच्छेद परत वाचा.