ड्रमवर लेबल लावण्याआधी एसडीएस उघडा

अंबड-सातपूरच्या लहान कारखान्यांत डिस्पॅचला नवीन मुलं येतात, तेव्हा त्यांना मी पहिल्यांदा एवढंच सांगते की स्टिकरचा रोल खाली ठेवा आणि मालाचा एसडीएस, म्हणजे धोकादायक रसायनाची माहिती देणारी सेफ्टी डेटा शीट, काढा. त्यात सोळा भाग असतात. आपल्या कामाचा तो चौदावा, वाहतुकीचा. यूएन नंबर (धोकादायक मालाचा जगभर चालणारा चार आकडी क्रमांक), वाहतुकीचं अधिकृत नाव, वर्ग (धोक्याचा प्रकार) आणि पॅकिंग ग्रुप (धोक्याची तीव्रता, एक म्हणजे सर्वांत जास्त) तिथेच मिळतात. तो भाग कोरा असेल तर पुरवठादाराकडून पूर्ण एसडीएस मागवा आणि तो येईपर्यंत गाडी भरू नका. वरून घाई होईल, होऊ द्या.

नावाच्या बाबतीत मी हट्टी आहे. कॅनवर ‘एनसी थिनर’ किंवा ‘स्पेशल क्लीनर’ लिहिलेलं गिऱ्हाइकाला पुरतं. पण कसारा घाटात रात्री टेम्पो कलंडला, तर तिथे पोचलेल्या अग्निशमन जवानाने तुमचा ब्रँड कधी ऐकलेला नसतो. त्याला ‘पेंट रिलेटेड मटेरियल, यूएन १२६३’ आणि ज्वाळेचं लाल चौकोनी लेबल दिसलं, की हा वर्ग ३ चा ज्वलनशील द्रव आहे हे कळतं, आणि तो फोम मागवतो. हे सगळं त्याला लांबूनच वाचता आलं पाहिजे.

आता नायट्रिक अ‍ॅसिड घ्या, कारण आपल्याकडच्या प्लेटिंगवाल्यांकडे ते कायम असतं. नंबर यूएन २०३१. ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वर्ग ८ चं, म्हणजे संक्षारक मालाचं, एक लेबल पुरतं. ते म्हणजे वर पांढरं, खाली काळं, हातावर आणि धातूवर थेंब पडताना दाखवलेलं. ६५ किंवा त्याहून जास्त झालं की शेजारी वर्ग ५.१ चं पिवळं लेबलही लागतं, कारण तेवढं तीव्र अ‍ॅसिड दुसऱ्या पदार्थाला पेटायला मदत करतं. ७० च्या वर गेलं की पॅकिंग ग्रुप दोनचा एक होतो. म्हणजे ‘नायट्रिक आहे, तेच स्टिकर लाव’ असं चालत नाही. टेस्ट सर्टिफिकेटवरची टक्केवारी बघूनच ठरवायचं. आणि हे अ‍ॅसिड थिनरच्या ड्रमांसोबत एकाच गाडीत कधीही चढवू नका, भाडं वाचत असलं तरी.

मापं पाठ करून ठेवा. ड्रमवरचं लेबल १०० बाय १०० मिलिमीटर, कोपऱ्यावर उभं. यूएन नंबराची अक्षरं किमान १२ मिलिमीटर उंच, ३० लिटरपर्यंतच्या कॅनवर ६ चालतात. लेबल आणि नाव एकाच बाजूला, जवळजवळ. झाकणावर चिकटवू नका, वर दुसरा ड्रम आला की ते झाकलं जातं. खोक्यात द्रवाच्या बाटल्या असतील तर वर दाखवणारे बाण समोरासमोरच्या दोन बाजूंवर हवेत. पॅलेटला फिल्म गुंडाळल्यावर आतली लेबलं दिसेनाशी झाली, तर ती बाहेर पुन्हा लावा आणि ‘ओव्हरपॅक’ असं लिहा.

कागदी स्टिकर आणि साधी शाई यांना इगतपुरीचा पाऊस सोडत नाही. विनाइल घ्या. न्हावा शेव्याहून समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाचं लेबल तर समुद्राच्या पाण्यात तीन महिने राहूनही वाचता आलं पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय सागरी नियम आहे.

ड्रम तरी योग्य आहे का? त्यावर छापलेल्या यूएन खुणेत (ड्रम चाचणीत पास झाल्याची खूण) ‘वाय१.४’ असं काही असतं. वाय म्हणजे पॅकिंग ग्रुप दोन आणि तीनसाठी, १.४ म्हणजे तेवढ्या सापेक्ष घनतेपर्यंतच्या द्रवासाठी. ९८ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडची घनता सुमारे १.८४ असते. ग्रुप दोनचा हा माल त्या ड्रमला झेपत नाही, लेबल कितीही सुंदर लावलं तरी. प्लास्टिक ड्रम उत्पादनाच्या महिन्यापासून जास्तीत जास्त पाच वर्षंच वापरायचा. जुना ड्रम धुऊन पुन्हा भरताना आधीची सगळी लेबलं खरवडून काढा, आणि न धुतलेल्या रिकाम्या ड्रमवरची मात्र तशीच ठेवा. आत वाफ असते, ती भरलेल्या ड्रमइतकीच पेट घेते.

लाल किनारीच्या पांढऱ्या चौकोनात काळी चित्रं असतात ती कारखान्यात हाताळणीसाठीची जीएचएस (रसायनांचे धोके दाखवण्याची जागतिक पद्धत) चिन्हं. वाहतुकीचं लेबल म्हणून ती चालत नाहीत. हा गोंधळ मी फार ठिकाणी बघते.

विमानाने जायचं असेल तर प्रशिक्षित माणसाकडूनच काम करून घ्या. तिथले नियम दरवर्षी बदलतात आणि प्रमाणाची मर्यादा कडक असते.

गाडीचं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहे. दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीची पाटी हवी. त्यावर २५० मिलिमीटरचं वर्गाचं लेबल, १०० मिलिमीटर उंच अंकांत वर्ग क्रमांक आणि किमान ५० मिलिमीटर अक्षरांत मालाचं तांत्रिक नाव. शिवाय आपत्कालीन सेवेचा आणि माल पाठवणाऱ्याचा फोन. तो रात्री दोनलाही उचलला जाईल असाच द्या, फक्त ऑफिसचा लँडलाइन नको. ड्रायव्हरच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद आहे का ते बघा. ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाल्यास काय करायचं ते लिहिलेलं कार्ड, त्याच्या हातात द्या, केबिनमध्ये कुठे ठेवलं ते विचारा, आणि गळती झाली तर पहिल्यांदा काय करणार हे त्याच्याच तोंडून ऐकून मग गेटपासवर सही करा.