मेनलाइनचा फिक्स जुन्या स्टेबल कर्नलमध्ये कसा न्यायचा

लिनक्स कर्नलच्या मेनलाइनमध्ये, म्हणजे लिनस टॉरवाल्ड्सच्या मुख्य ट्रीमध्ये, तुमचा फिक्स मर्ज झाला, त्याला सीसी स्टेबलचा टॅगही (हा जुन्या स्टेबल व्हर्जन्समध्येही घ्या अशी खूण) लावला होता, आणि मग काही दिवसांनी मेल आला की पॅच ६.१ स्टेबल ट्रीवर लागत नाही, सब्जेक्टमध्ये कॅपिटलमध्ये फेल्ड वगैरे. नवीन लोक हे बघून दचकतात, पण त्यात दचकण्यासारखं काही नाही, तो ठरलेल्या साच्यातला मेल असतो आणि पुढे कुठल्या कमांड मारायच्या तेही त्यातच लिहिलेलं असतं. पण कमांड मारणं म्हणजे बॅकपोर्ट (नवा बदल जुन्या व्हर्जनमध्ये नेणं) नव्हे, खरं काम त्या कमांडच्या मधल्या जागेत आहे आणि त्याबद्दल मेलमध्ये फक्त 'कॉन्फ्लिक्ट सोडवा, बिल्ड करा, टेस्ट करा' एवढंच असतं, म्हणून हे लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्टेबल ट्री, म्हणजे रिलीज झालेल्या व्हर्जन्सना फिक्स पुरवणारी ट्री, २००५ पासून चालू आहे, सध्या ग्रेग क्रोह-हार्टमन आणि साशा लेविन ती सांभाळतात. ६.१ डिसेंबर २०२२ चं, ६.६ ऑक्टोबर २०२३ चं, ही लाँगटर्म (जास्त काळ सांभाळली जाणारी) व्हर्जन्स, डेबियन १२ तर ६.१ वरच उभं आहे. नियम फार नाहीत. पॅच आधी लिनसच्या ट्रीमध्ये गेलेला हवा, खरा बग सुटायला हवा, आणि आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींच्या वर जायला नको. स्पेलिंग दुरुस्ती, 'कोड जरा नीट केला' असलं काही स्टेबलमध्ये नाही चालत.

पहिला प्रश्न, मुळात या ब्रांचला फिक्सची गरज आहे का? तुमच्या पॅचमध्ये फिक्सेस टॅग असतो, त्यात ज्या कमिटने बग आणला त्याचा हॅश (गिटमधली कमिटची ओळख). गिट टॅगला कंटेन्स देऊन तो हॅश टाका म्हणजे तो कुठल्या रिलीजपासून आहे ते कळतं. समजा तो ६.४ मध्ये आला, मग ६.१ ला काही गरज नाही असं वाटेल, पण थांबा, ते बगवालं कमिटसुद्धा कुणीतरी ६.१ मध्ये बॅकपोर्ट केलेलं असू शकतं. तिथे त्याचा हॅश वेगळा असतो त्यामुळे कंटेन्सला सापडत नाही, तर ६.१ च्या ब्रांचवर गिट लॉगला ग्रेप लावून मेनलाइनचा हॅश शोधायचा, बॅकपोर्ट झालं असेल तर मेसेजमध्ये तो असतोच.

गरज आहे असं ठरलं तर स्टेबल ट्रीमधून ती ब्रांच फेच करा, चेकआउट करा आणि चेरी-पिक (तेवढं एकच कमिट उचलून इथे लावणं) मारा, डॅश एक्स लावून, म्हणजे मूळ हॅश मेसेजमध्ये आपोआप येतो. तीनचार ब्रांचचं काम असेल तर गिट वर्कट्री वापरा, प्रत्येक ब्रांचचं वेगळं फोल्डर, नाहीतर दर वेळी ब्रांच बदलली की सगळा बिल्ड पहिल्यापासून.

कॉन्फ्लिक्ट येण्याआधीच गिटमध्ये एक सेटिंग करून ठेवलेलं असू द्या, मर्ज कॉन्फ्लिक्टस्टाइल डिफ३. नेहमीच्या पद्धतीत दोनच बाजू दिसतात आणि मग माणूस अंदाज बांधत बसतो. डिफ३ मध्ये तीन भाग येतात: वर जुन्या ब्रांचचा कोड, मध्ये मेनलाइनचा पॅच लागण्याआधीचा, खाली पॅच लागल्यानंतरचा. आता मधला आणि खालचा ताडून बघा, तेवढाच फरक म्हणजे तुमचा पॅच, आणि तेवढाच वरच्या भागात न्यायचा. खालचा अख्खा ब्लॉक उचलून चिकटवला की मेनलाइनमधले मधल्या दोन वर्षांचे भलतेच बदल पण गुपचूप आत येतात.

पण मला विचाराल तर कॉन्फ्लिक्ट आला की उलट बरं, निदान बघावं तरी लागतं. भीती वाटायला हवी ती मुकाट्याने लागलेल्या पॅचची. उदाहरण घ्या. मेनलाइनमध्ये एका फंक्शनच्या सुरुवातीला म्यूटेक्सचा (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) गार्ड आहे, ही सोय कर्नलमध्ये ६.५ पासून आली, फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडा लॉक आपोआप सुटतं. तुमचा फिक्स एवढाच की मेमरी मागितली आणि मिळाली नाही तर नो-मेमरीचा एरर रिटर्न करा, दोन ओळी. जुन्या ब्रांचमध्ये त्याच फंक्शनच्या सुरुवातीला हाताने म्यूटेक्स लॉक केलंय आणि शेवटी आउट नावाच्या लेबलखाली अनलॉक. आता तुमच्या दोन ओळींच्या वरखालच्या तीनतीन ओळी दोन्हीकडे सेम, त्यामुळे गिट काहीच बोलत नाही, कंपाइलरही बोलत नाही, आणि तुम्ही जुन्या कर्नलमध्ये असा रिटर्न घालून बसता जो लॉक न सोडताच निघून जातो. मेमरी कमी पडली की ते लॉक कायमचं अडकतं, पुढची प्रोसेस डी स्टेटमध्ये (वाट बघत झोपलेली) लटकते आणि डिटेक्टर चालू असेल तर १२० सेकंदांनी लॉगमध्ये हंग टास्कची वॉर्निंग. म्हणजे क्रॅश सुटला आणि हँग आला. जुन्या ब्रांचमध्ये तिथे एरर व्हेरिएबलमध्ये टाकून गोटू आउट करायला हवं होतं, बस.

म्हणून पॅच लागला तरी जुन्या ब्रांचमधलं ते फंक्शन पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचायचंच. लॉक कोण घेतंय, फ्री कोण करतंय, आतल्या फंक्शनची रिटर्न व्हॅल्यू त्या काळी काय होती (आधी नल द्यायचं आणि नंतर एरर पॉइंटर द्यायला लागलं ही भानगड तर जागोजागी सापडते). टेस्टिंग पण त्याच वाटेचं करा, नुसतं बूट झालं म्हणजे टेस्ट नव्हे. प्रूव्ह लॉकिंग हे कॉन्फिग ऑप्शन ऑन करून कर्नल बनवा, फेलस्लॅबने मुद्दाम मेमरी फेल करा, वरची चूक असेल तर लॉकडेप (कर्नलचा लॉक तपासणारा भाग) लगेच ओरडतो की लॉक धरूनच युजरस्पेसमध्ये परत चाललाय.

कधीकधी पॅच लागत नाही कारण आधीचा एखादा छोटा बदल जुन्या ब्रांचमध्ये नाहीये. तो बदल साधा असेल तर पॅच वाकवण्यापेक्षा तोच आधी बॅकपोर्ट करा आणि मग तुमचा, स्टेबलवाल्यांनाही शक्यतो मेनलाइनसारखाच कोड हवा असतो कारण मग पुढचे फिक्सही सरळ लागतात. पण एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा करत दहाबारा पॅच व्हायला लागले तर सोडून द्या आणि हाताने छोटा बदल लिहा.

मेसेजमध्ये सगळ्यात वर 'कमिट, पूर्ण हॅश, अपस्ट्रीम' ही ओळ. मूळ मेसेज आणि सगळे साइन-ऑफ तसेच ठेवायचे, खाली चौकटी कंसात तुम्ही काय बदललं ते, वरच्या उदाहरणात 'जुन्या ब्रांचमध्ये गार्ड नाही म्हणून गोटू आउट वापरलं' एवढं पुरे, आणि मग स्वतःचा साइन-ऑफ. पाठवायच्या आधी गिट रेंज-डिफने मूळ कमिट आणि तुमचं कमिट शेजारी ठेवून बघा, कंसात लिहिलेलं सोडून आणखी काही फरक दिसला तर तो कुठून आला ते शोधा.

पाठवताना सब्जेक्टमध्ये पॅच ६.१.वाय असा प्रीफिक्स आणि त्या फेल्डवाल्या मेललाच रिप्लाय. एक गोष्ट लोक हमखास विसरतात, ५.१५ ला फिक्स देताय तर ६.१, ६.६ आणि त्यापुढच्या सगळ्या चालू ब्रांचमध्ये तो असायलाच हवा, नाहीतर एखाद्याने कर्नल अपग्रेड केला आणि सुटलेला बग परत आला असं होतं. पॅच रांगेत लागला की तसा मेल येतो, मग आरसी (रिलीजआधीची चाचणी आवृत्ती) निघते आणि तिच्या रिव्ह्यूला साधारण ४८ तास मिळतात, तेवढ्यात ती बूट करून बघा.

आणि तपासल्यावर असं निघालं की त्या ब्रांचमध्ये बगच नाही, तर गप्प नका बसू, त्याच मेलला एक ओळ लिहा की हा कोड ६.१ मध्ये नाही, पॅच नको. नाहीतर दुसरं कुणीतरी तोच पॅच घेऊन परत बसतं.