ब्रेक पाइप गंजलाय की रबरी होज (चाकाकडं जाणारी लवचीक नळी) आतून फुगलाय?

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीचे लोखंडी ब्रेक पाइप बहुधा क्लिपखाली गंजतात. तिथं लाल चिखल अडकून बसतो, बाकीचा पाइप मात्र ठणठणीत दिसतो. क्लिप काढून तारेच्या ब्रशनं घासा. खड्डे दिसले की पाइप बदलायचाच. एम-सील थापून चोर्ला घाट उतरायला जाऊ नका.

ब्रेक सोडूनही एकच चाक जाम राहून तापत असेल, तर गाडी जॅकनं उचलून स्टँडवर घ्या आणि त्या चाकाचा ब्लीडर निप्पल (ब्रेकमधली हवा-ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. तरी जाम? मग कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) बघा. मोकळं झालं, तर आत प्रेशर अडकलंय. निप्पल घट्ट करून पुन्हा ब्रेक दाबा, मग होज आणि लोखंडी पाइपाच्या जोडावरचा नट सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरकडं (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा भाग). नाही सुटलं तर रबरी होज आतून फुगलाय. बाहेरून तो नवा दिसेल, फसू नका.

नट गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारा आणि एका बाजूनं कापलेला रिंग पाना वापरा, साध्या पान्यानं कडा गोल होतात. तांब्याचा एसी पाइप स्वस्तात बसवून देणारे भेटतील, सरळ नाही म्हणा. ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच घाला, सीलबंद डब्यातलं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.